हात फरमध्ये, खांदा शालीत

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईच्या उपनगरांतली थंडी मोजली जाते ती सांताक्रूझच्या वेधशाळेत. तिथे आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, आणि तेही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचे. एरवी पारा पंधराच्या आसपास आला तरी वर्तमानपत्रांत बातमी येते, कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि चार दिवसांत पुन्हा डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला जातात. पण याच उपनगरांत शालींचा खप मात्र बारमाही आहे. बोरिवली असो, मुलुंड असो की विलेपार्ले, सभागृहात कोणाचाही सत्कार असला की शाल आणि श्रीफळ ठरलेले. मे महिन्यात पंखे गरगरत असतात, सत्कारमूर्ती रुमालाने मान पुसत असतात, आणि तरीही त्यांच्या खांद्यांवर लोकरीची घडी उलगडून घातली जाते. ती लगेच काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली जाते, हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही.

थंडीसाठी जन्मलेली वस्तू थंडीला सोडून मानाच्या वाटेला कशी लागते, हे समजून घ्यायचे असेल तर जुनी चित्रे पाहावीत. चित्रकारासमोर बसताना माणूस आपल्याला काय हवे ते अंगावर घालतो आणि नको ते काढून ठेवतो. त्यामुळे चित्रातला हिवाळी कपडा हवामानापेक्षा माणसाबद्दल अधिक बोलतो. आपल्या शालीची अशीच एक युरोपीय चुलत बहीण आहे. तिचे नाव मफ. मराठीत तिला शब्द नाही, कारण आपल्याला तिची गरजच कधी पडली नाही. लहानशा लोडासारखी एक पोकळ नळी, दोन्ही टोकांनी उघडी, बाहेरून जनावराची फर आणि आतून मऊ अस्तर. दोन्ही बाजूंनी एकेक हात आत घालायचा आणि बोटे उबेत ठेवायची. एवढेच तिचे काम.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या श्रीमंत घरांत मफ दिसू लागला आणि पुढची तीनशे वर्षे टिकला. तो काळही तसा होता. युरोपात तेव्हा हिवाळे फार कडक पडत. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावर दुकाने मांडून जत्रा भरली. तेव्हा मफची सुरुवात गरजेतून झाली यात शंका नाही. तो केवळ बायकांचा दागिनाही नव्हता. सॅम्युएल पेपिस हा लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार १६६२ च्या नोव्हेंबरात लिहून ठेवतो की, बायकोचा गेल्या वर्षीचा मफ आता आपण वापरतो आणि तिला नवा घेऊन दिला. नवरा जुना वापरतो आणि बायकोला नवा लागतो, यावरूनच गरज कुठे संपली आणि फॅशन कुठे सुरू झाली ते कळते.

वेन्सेस्लाउस होलार हा प्रागमध्ये जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थिरावलेला कोरीवचित्रकार. त्याने १६४३-४४ मध्ये चार ऋतूंची चार चित्रे केली, प्रत्येक ऋतू एकेका स्त्रीच्या रूपात. त्यातली हिवाळ्याची बाई लंडनच्या रस्त्यात उभी आहे. तोंडावर मुखवटा, गळ्याभोवती फर, हात मफमध्ये. बाईच्या अंगाचा दिसावा असा भाग जवळजवळ उरलेलाच नाही, दिसते ती फक्त तिची ऐपत. पुढे १६४७ मध्ये त्याने एक चित्र कोरले, त्यात माणूसच नाही. टेबलावर पाचसहा वस्तू पडलेल्या आहेत, हातमोजे, पंखा आणि बरेच मफ. तांब्याच्या पत्र्यावर सुईसारख्या हत्याराने एकेक केस ओढून त्याने ती फर अशी उठवली आहे की कागदावरून हात फिरवावासा वाटतो. मालकीण नसली तरी वस्तूच तिची ओळख सांगते, हे होलारने ओळखले होते.

अठराव्या शतकात ही हौस शिगेला पोचली. सर जोशुआ रेनल्ड्सने १७७६ च्या सुमारास एका सरदारघराण्यातल्या लहान मुलीचे चित्र काढले, लेडी कॅरोलाइन स्कॉट तिचे नाव. बर्फात उभी असलेली ही चिमुरडी मोठ्या बाईसारखी टोपी घालून हात मफमध्ये खुपसून आपल्याकडे पाहते. चित्राला नावच ‘हिवाळा’ असे पडले. १७८५ मध्ये गेन्सबरोने सारा सिडन्स या गाजलेल्या नटीला रंगवले. निळ्या पट्ट्यांचा झगा, पिसांची भलीमोठी काळी टोपी आणि मांडीवर फरचा मफ. हे चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये एलिझाबेथ व्हिजे-लब्रं या चित्रकर्तीने मोले-रेमों नावाच्या नटीला असे रंगवले की ती घाईघाईने आपल्यासमोरून निघून चालली आहे आणि जाता जाता वळून पाहते आहे. तिच्या हातातला मफ केवढा मोठा! लूव्र संग्रहालयात हे चित्र ‘मफवाली बाई’ म्हणूनच ओळखले जाते.

या चित्रांत थंडी म्हणावी अशी फक्त रेनल्ड्सच्या चित्रात आहे. बाकीच्या बाया घरात, पडद्यासमोर बसलेल्या किंवा उभ्या. मग मफ कशाला? दोन्ही हात एका नळीत गुंतले की त्या हातांनी काही करता येत नाही. पाणी भरता येत नाही, शिवता येत नाही, मूल उचलता येत नाही, दारसुद्धा दुसऱ्याने उघडावे लागते. ‘माझे हात रिकामे आहेत आणि ते रिकामे ठेवणे मला परवडते,’ असे मफ न बोलता सांगतो. ज्या फरने तो मढवला जाई ती कॅनडाच्या जंगलांतून, रशियाच्या बर्फातून येई. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन बे कंपनी तर मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारावर उभी राहिली. सापळे लावणारे, कातडी सोलणारे, कमावणारे हात चित्रात कुठेच नसतात. चित्रातले हात उबेत असतात आणि राबणारे हात चौकटीबाहेर.

आपल्याकडच्या चित्रांत जनावराचे कातडे नाही असे नाही. पण त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना घाटकोपरला होता, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याच्या चित्रांनी घराघरांतले देव ठरवले. त्या देवादिकांत जरीची वस्त्रे लक्ष्मी-सरस्वतीला आहेत, कातडे मात्र शंकराला. व्याघ्रांबर नेसणारा, मृगाजिनावर बसणारा म्हणजे ज्याने सर्व सोडले तो. बौद्ध शिल्पांतही अवलोकितेश्वराच्या डाव्या खांद्यावर कधी कधी हरणाचे कातडे दाखवलेले असते, तेही तपस्व्याची खूण म्हणून. तिकडे फर भोगाची, इकडे कातडे त्यागाचे. म्हणजे मफला आपल्याकडे जागा नव्हती ती केवळ हवामानामुळे नव्हे. मोठेपणा दाखवण्याचे काम आपण दुसऱ्याच वस्त्रावर सोपवले होते.

ते वस्त्र म्हणजे काश्मिरी शाल. मोगल दरबारातून ती मराठ्यांच्या दरबारात आली. वस्त्रे देणे म्हणजे अधिकार देणे, हा त्या काळाचा रिवाज. पेशव्यांनाही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. सरदाराला पोशाख, शास्त्र्याला शालजोडी, वकिलाला निरोप देताना शाल. आपण ‘शालजोडी’ म्हणतो त्यामागेही एक व्यावहारिक कारण आहे. विणलेल्या शालीची उलटी बाजू ओबडधोबड दिसते. म्हणून एकाच नक्षीच्या दोन शाली पाठीला पाठ लावून वापरत, म्हणजे कुठूनही पाहिले तरी सुलटच बाजू दिसावी. पुढे मराठीने याच शालजोडीवरून एक झकास वाक्प्रचार काढला. गोड शब्दांत गुंडाळून मारलेला टोला म्हणजे ‘शालजोडीतला’. आत जोडा, वरून शाल. मानाच्या वस्त्राची उलटी बाजू लोकांनी बरोबर हेरली होती.

युरोपचा चित्रकार आणि मराठी दरबार यांची गाठ पडली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आधाराने तो पुढच्या वर्षी पेशव्यांच्या दरबारी गेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची त्याने चित्रे काढली. शनिवारवाड्यात मॅलेटच्या पुढाकाराने चित्रकलेची शाळा निघाली, तिथे गंगाराम तांबटासारखा गुणी कारागीर तयार झाला. वेल्स ज्या देशातून आला तिथे मोठ्या माणसाची बायको मफ घेऊन चित्रासाठी बसत होती. इथे त्याच्यासमोर पागोटे, अंगरखा, मोत्यांचे कंठे आणि शेला-शाली आल्या. वेरूळ, घारापुरी यांसारख्या लेण्यांच्या चित्रांचे काम अंगावर घेतलेले असतानाच १७९५ मध्ये तो ठाण्यात वारला. त्याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पेशवे दरबाराचे जे भव्य तैलचित्र पूर्ण केले, ते आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. आज पेशवाईचे चेहरे आपल्याला ठाऊक आहेत ते बऱ्याच अंशी या माणसामुळे.

त्याच सुमारास शाल उलट दिशेने निघाली होती. कंपनीचे अधिकारी आणि पुढे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतले सैनिक काश्मिरी शाली घेऊन घरी परतले आणि पॅरिस वेडे झाले. अँग्रच्या दोन चित्रांत तर या दोन जगांची भेटच झाली आहे. दोन्ही १८०६ च्या प्रदर्शनात मांडली गेली आणि दोन्ही आज लूव्रमध्ये आहेत. एकात मादाम रिव्हिएर ही आई, खांद्यापासून लोळणारी कोयरीच्या काठाची काश्मिरी शाल लेऊन. दुसऱ्यात तिची मुलगी कॅरोलिन, पांढऱ्या झग्यावर पांढऱ्या फरचा लांब पट्टा घेऊन. एकाच घरात आईला काश्मीर आणि मुलीला फर! आपण जिला कैरीवरून कोयरी म्हणतो, त्या नक्षीला इंग्रजीत स्कॉटलंडमधल्या पेझली या गावाचे नाव मिळाले, कारण तिथल्या मागांवर काश्मिरी शालींच्या नकला निघू लागल्या. मूळ विणकराचे गाव बाजूला राहिले, नकलेचे गाव जगभर झाले.

शालीमागचे हातही मफमागच्या हातांसारखेच झाकलेले आहेत. १८४६ च्या अमृतसरच्या तहाने इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगाला दिले. त्या बदल्यात त्याने दरवर्षी एक घोडा, लोकरीच्या बारा शेळ्या-बोकड आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात असे ठरले. एका राज्याच्या मांडलिकपणाची खूण म्हणून तीन शालजोड्या! त्या विणणाऱ्यांची अवस्था काय होती? करांनी ते इतके पिळले गेले की २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरच्या विणकरांनी मोर्चा काढला. त्यांच्यावर सैन्य घातले गेले आणि कित्येकांचे प्राण गेले. एकेका शालीवर महिनोन् महिने राबणाऱ्या बोटांची ही किंमत. पुढे १८७० च्या युद्धात फ्रान्स हरला, पॅरिसची फॅशन बदलली आणि त्या शालीचा युरोपातला बाजारही बसला.

आता आपल्याकडच्या खऱ्या थंडीकडे येऊ. देशावर मार्गशीर्ष-पौषात बोचरी थंडी पडते. शेताच्या राखणीला बसलेल्या माणसाच्या, मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराच्या अंगावर शाल नव्हती. तिथे होती घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर, सणगराच्या खड्ड्यातल्या मागावर विणलेली, वरून चिंचोक्याची खळ देऊन टणक केलेली. तीच अंथरूण, तीच पांघरूण. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घ्यायची, बाजारात तिच्यावर धान्य मांडायचे. तिचे टोचणे सवयीने कळेनासे होते. भाषेनेही तिला वेगळी वागणूक दिली. शाल वाक्प्रचारात टोमणा झाली, तर घोंगडे लांबणीवर पडलेल्या कामाचे झाले. ‘भिजत घोंगडे’ म्हणजे निकाल न लागलेले प्रकरण. गरिबाच्या कामाचे नेमके तेच होत असते.

दरबारी चित्रांत घोंगडी मानाने कुठे आलीच नाही. पण एकदा ती मानाच्या पंगतीत येऊन उभी राहिली. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, याच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली होती. निमंत्रित जरीच्या पोशाखात, दागदागिन्यांनी सजून आले. जोतीराव फुले मात्र आले ते शेतकऱ्याच्या वेषात, डोक्याला मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी. तिथे त्यांनी पाहुण्यांना सांगितले की, इथे बसलेल्या श्रीमंत मंडळींवरून देशाची परीक्षा करू नका. राणीची खरी प्रजा खेड्यांत आहे, तिला शिक्षण द्या. पुढे दोनच महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीला त्यांना जाहीर समारंभात ‘महात्मा’ म्हणून गौरवले गेले. जोतीराव काही दरिद्री नव्हते. कंत्राटे घेणारे, चांगले कपडे घालणारे गृहस्थ होते ते. त्या दिवशी घोंगडी त्यांनी विचारपूर्वक निवडली. जिथे वस्त्रच बोलते तिथे बोलायचे कोणत्या वस्त्राने, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आजवरच्या सगळ्या शालींच्या चित्रांना दिलेले ते उत्तर होते असे मला वाटते.

आणि खऱ्या थंडीची दुसरी गोष्ट आहे आनंदीबाई जोशी यांची. कल्याणची ही मुलगी १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाला वैद्यकी शिकायला गेली. तिथले हिवाळे म्हणजे मफचेच हिवाळे. पण आपला पोशाख सोडायचा नाही असे ठरवूनच ती निघाली होती. नऊवारी नेसली की पोटऱ्या उघड्या राहतात, त्या थंडीत ते कसे निभावणार? मग तिने गुजराती पद्धतीने पातळ नेसायला सुरुवात केली. एवढ्याशा बदलाचाही तिला पतीला पत्रांतून खुलासा द्यावा लागला. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेले तिचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. पाहताना आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या वेषात तिला किती थंडी वाजत असेल हे छायाचित्र सांगत नाही. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. परक्या मुलखातली थंडी, न मानवणारे खाणे आणि अभ्यासाचा ताण यांनी ती आधीच खचली होती. मान राखणाऱ्या वस्त्राची किंमत कधी कधी अंगाला मोजावी लागते ती अशी.

मफ आता संग्रहालयांत आणि चित्रांतच उरला आहे. रस्त्यावर हातमोजे आले, मोटारी आल्या, बायका कामाला लागल्या आणि हात गुंतवून ठेवणे कोणाला परवडेना. शाल मात्र आपल्याकडे टिकली, कारण तिने थंडीशी नाते केव्हाच तोडले होते. निवृत्त शिक्षक, लेखक, कार्यकर्ते यांच्या कपाटांत घडी न मोडलेल्या शालींचे गठ्ठे असतात. काही मंडळी त्या गरजूंना वाटतात, काही संस्था शालीऐवजी पुस्तक देऊ लागल्या आहेत. दोन्ही चांगलेच. पण वस्त्र देण्याची याहून जुनी रीत आपल्या उपनगरांच्याच डोंगरात कोरलेली आहे, ती सांगून थांबतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या एका लेण्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा शिलालेख आहे. कल्याणच्या अपरेणुक नावाच्या व्यापाऱ्याने लेणे कोरवून दिले आणि सोबत कायमची ठेव ठेवली, शिवाय मंगलठाण गावातले एक शेत. मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे, बोरिवली पूर्वेचे. त्या उत्पन्नातून काय करायचे तेही कोरले आहे. पावसाळ्याचे चार महिने इथे राहणाऱ्या भिक्षूला वस्त्रासाठी सोळा कार्षापण द्यावेत. डोंगरात पाणी झिरपते, लेण्यात ओल असते, अंगावर कोरडे वस्त्र हवे. भिक्षूचे नाव लेखात नाही, कारण दान अमुक एका माणसाच्या मोठेपणाला नव्हते. जो कोणी त्या पावसात तिथे असेल, त्याला ते होते.